व्हॅटिकनचे तालिकाघर

ग्रंथ ग्रंथालयात आहे, पण मागणाऱ्याला तो सापडत नाही. अशा वेळी वाचकाच्या लेखी तो नसल्यासारखाच. रोममधील व्हॅटिकन ग्रंथालयाची कीर्ती जगभर होती. तरी छापील ग्रंथांच्या बाबतीत १९२७ पर्यंत तेथे बरीचशी हीच अवस्था होती, असे सांगितले तर अनेकांना नवल वाटेल.

कारण संग्रहाच्या इतिहासातच आहे. पोप पाचवे निकोलस यांनी पंधराव्या शतकाच्या मध्यास या ग्रंथालयाचा पाया घातला. चौथे सिक्स्टस यांनी १४७५ साली आज्ञापत्र काढून त्याला रीतसर रूप दिले. त्याच वर्षी केलेल्या यादीत २,५२७ ग्रंथ होते. ग्रंथ बाकांना साखळ्यांनी जखडलेले असत. कोणत्या बाकावर काय आहे एवढे ठाऊक असले की काम भागत असे. पुढे हायडेलबर्गचा संग्रह १६२३ मध्ये आला, उर्बिनोच्या ड्यूकांचा १६५७ मध्ये, स्वीडनच्या राणी ख्रिस्तिनाचा १६९० मध्ये आणि बार्बेरिनी घराण्याचा १९०२ मध्ये. प्रत्येक संग्रह आपले नाव आणि आपली मांडणी घेऊन आला व तसाच राहिला. त्यांच्या जुन्या सूची मुख्यतः रखवालदाराच्या सोयीच्या होत्या. काही गहाळ झाले नाही ना, एवढे त्यांवरून कळे. अमुक विषयावर येथे काय आहे, असे विचारणाऱ्याला त्या मुक्याच होत्या. मग उरे ती जुन्या ग्रंथपालांची स्मरणशक्ती. ती अचाट होती यात शंका नाही. पण माणूस गेला की तीही त्याच्याबरोबर जाते.

ही अडचण जवळून पाहिलेला गृहस्थच १९२२ मध्ये पोपपदावर आला, हा सुदैवाचा भाग. अकरावे पायस हे पूर्वाश्रमीचे आकिल्ले रात्ती. मिलानच्या आंब्रोझियाना ग्रंथालयात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती आणि नंतर व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले होते. आंतरराष्ट्रीय शांततेसाठी स्थापन झालेल्या अमेरिकेतील कार्नेगी संस्थेने मदत देऊ केली, तेव्हा त्यांनी ती मोकळ्या मनाने स्वीकारली. १९२७ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे ग्रंथपाल विल्यम वॉर्नर बिशप पाहणीसाठी रोमला आले. त्याच वर्षी व्हॅटिकनची चार माणसे तालिकाशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेस गेली आणि पुढील वर्षी अमेरिकेतील अनुभवी तालिकाकार रोममध्ये दाखल झाले. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची छापील तालिकापत्रेही आली. इतक्या प्राचीन विद्यापीठाने तरुण देशाची शिकवणी लावावी, यात काहींना कमीपणा वाटला असेलही. मला मात्र त्यात मोठेपणाच दिसतो.

नवी पद्धत सांगायला सोपी होती. प्रत्येक ग्रंथासाठी पोस्टकार्डाहून थोडी लहान अशी पत्रे करायची, एक ग्रंथकाराच्या नावे, एक विषयाच्या, गरज असेल तेथे एक ग्रंथनामाच्या, आणि ती सर्व एकाच वर्णक्रमाने खणांत लावायची. शब्दकोश पाहावा तशी ही तालिका कोणीही पाहावी. खरी मेहनत पुढेच होती. आपल्या ओळखीचे उदाहरण घ्या. ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते आपल्याला फादर स्टीफन्स म्हणून ठाऊक, पोर्तुगीज ग्रंथांत तेच तोमाझ एस्तेव्हांव होतात आणि काही जुन्या लेखकांनी तर त्यांना बस्टन म्हटले आहे. तीन नावांखाली तीन ठिकाणी पत्रे पडली, तर एकाच माणसाचे तीन लेखक होतात. म्हणून एक नाव ठरवायचे, इतर नावांच्या जागी ‘तेथे पाहा’ असे पत्र ठेवायचे. पोप, संत, राजघराणी, धर्मसंघ यांच्या नावांचा गुंता तर विचारूच नका! हे सारे निर्णय ‘नोर्मे’ नावाच्या नियमग्रंथात एकत्र झाले. त्याच्या रचनेत नॉर्वेचे जॉन आन्स्टाइन्सन यांचा मोठा वाटा होता. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला, १९४८ मध्ये इंग्रजीत आला आणि व्हॅटिकनबाहेरच्या ग्रंथालयांनाही उपयोगी पडला.

पत्रे लिहिणारे कोण होते? अमेरिकेस गेलेल्या चौघांपैकी इजिनो जोर्दानी हे मुसोलिनीच्या राजवटीला न मानणारे लेखक. छापील ग्रंथांच्या तालिकेचे काम त्यांच्याकडे आले. १९२९ मध्ये त्यांच्याजवळ आणखी एक माणूस येऊन बसला, आल्चिदे दे गास्पेरी. राजवटीने बंद पाडलेल्या लोकपक्षाचा हा शेवटचा चिटणीस तुरुंगवास भोगून नुकताच सुटला होता. पदरी पत्नी आणि मुली, आणि इटलीत त्याला काम देण्याची कोणाची छाती नव्हती. त्याच वर्षी झालेल्या करारामुळे व्हॅटिकन स्वतंत्र राज्य ठरले होते. तेथे तुटपुंज्या वेतनावर हा माजी खासदार परक्यांच्या ग्रंथांची शीर्षके तालिकापत्रांवर उतरवू लागला. ग्रंथालयातली त्याची नोकरी दीर्घकाळ चालली. १९४५ च्या डिसेंबरात तो इटलीचा पंतप्रधान झाला.

काम चालू असतानाच २२ डिसेंबर १९३१ रोजी सिक्स्टसच्या दालनाच्या छताचा भाग कोसळला. पाच जण दगावले आणि हजारो ग्रंथ ढिगाऱ्याखाली गेले. दालन पुन्हा उभे राहिले, तालिकेचे कामही थांबले नाही.

१९८५ मध्ये ग्रंथालयप्रमुख लेओनार्ड बॉइल यांच्या कारकिर्दीत तालिका संगणकावर नेण्यास आरंभ झाला. एकाच नियमाने लिहिलेल्या नोंदी यंत्राला देणे त्यामानाने सुकर असते. हस्तलिखितांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे एका पोथीत चार ग्रंथ, दोन लिपिकार आणि फाटलेले पहिले पान, असा प्रकार असतो. एवढ्याशा पत्रावर ते मावत नाही. सुमारे ८०,००० हस्तलिखितांची सविस्तर वर्णनसूची करण्याचे काम तेथे अजूनही चालूच आहे.