रंगीत अमूर्त छायाचित्रणाचा कालनिर्णय

नित्याच्या वस्तूंतून अमूर्त आकृती साधण्याचा प्रयोग छायाचित्रणात प्रथम कृष्णधवल रूपात स्थिरावला. पॉल स्ट्रँड याने १९१६ साली कनेटिकटमध्ये घेतलेली वाडग्यांची छायाचित्रे त्याची साक्ष देतात. कोडाक्रोम फिल्म १९३५-३६ मध्ये उपलब्ध झाली. तरी रंगीत छायाचित्र हे जाहिरातीचे साधन होय, कलाकृती नव्हे, हा ग्रह दीर्घकाळ टिकला. त्याच काळात, १९४८ पासून, सॉल लायटर हा न्यूयॉर्कमध्ये छत्र्या, बाष्पाने धूसर झालेल्या काचा व बर्फ यांतून रंगांची रचना करीत होता. या छायाचित्रांचा ‘अर्ली कलर’ हा ग्रंथ मात्र २००६ साली निघाला. तेव्हा या परंपरेचा आरंभ तिच्या गौरवाच्या वर्षावरून ठरविणे इतिहासदृष्ट्या अग्राह्य होय.