खोलायच्या आधी

किक मारली आणि पाय सरळ खाली गेला. इंजिन हललंसुद्धा नाही. बुलेट चालवणाऱ्याच्या पायाला कॉम्प्रेशनच्या विरोधाची इतकी सवय असते, की तो मिळाला नाही की जिन्यात एक पायरी जास्त मोजल्यासारखं होतं.

गाडी जुनी, 350 सीसी, चार गिअरची. गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. आप्पांनी ती लष्कराच्या लिलावातून घेतली होती. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी ती मला देऊन टाकली. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने दोनदा किक दाबून पाहिली आणि निकाल दिला, "गिअरबॉक्स गेलाय. किती दिवस हा जुना माल सांभाळणार? पाच गिअरचा बसवून टाकू."

जुना बॉक्स भंगारात जाणार होता. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि रात्री गावी फोन लावला.

"इंजिन बंद असताना न्यूट्रल पडतो का?" आप्पांनी विचारलं.

"सहज पडतो."

"आणि किक चालत होती तेव्हा, इंजिन चालू असताना?"

"सिग्नलला नव्हता पडत. म्हणून तर मागच्या महिन्यात एकाकडून क्लच ताणून घेतला."

फोनवर थोडी शांतता. मग म्हणाले, "मग गिअरबॉक्सला कशाला बदनाम करतोस? आणि आधी काही खोलू नकोस."

'आधी काही खोलू नकोस' या सल्ल्याला या गाडीच्या बाबतीत मोठा इतिहास आहे.

1948 साली इटलीतल्या सान रेमोला 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' झाली. सहा दिवस, डोंगरातले रस्ते, ठरलेली वेळ. जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात रॉयल एन्फिल्डच्या दोन नव्या 350 सीसी बुलेट होत्या. त्या अजून बाजारात आल्या नव्हत्या. दोन्ही चालकांना सुवर्णपदक मिळालं, त्यातला एक व्हिक ब्रिटन. या स्पर्धेची गंमत वेगात नव्हती. इंजिन, फ्रेम, चाकं अशा मोठ्या भागांवर आधीच खुणा केलेल्या असत, म्हणजे वाटेत ते बदलून चालत नसे. दुरुस्ती चालकानेच करायची, सोबतच्या हत्यारांनी, आणि घड्याळ चालूच. गाडी बिघडली तर 'नवीन बसवून टाकू' हा पर्याय नव्हताच. नेमकं काय बिघडलंय हे आधी ओळखावं लागे, कारण चुकीचा भाग खोलण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नसे.

दुसऱ्या प्रकारची ट्रायल म्हणजे दगड, ओढे, चिखल यांतून पाय न टेकता जाणं. पाय टेकला की दंडगुण, थांबलात की त्याहून जास्त. इथे गाडी चालते ती क्लचवर. दोन बोटं लिव्हरवर, क्लच अर्धवट दाबलेला, इंजिन नुसतं धडधडतंय आणि चाक इंचाइंचाने दगडावर चढतंय. क्लच किंचित चिकटला तरी गाडी उडी मारते, किंचित सुटला तर जागीच थांबते. 1952 मध्ये व्हिकचा विशीतला मुलगा जॉनी याने बुलेटवर 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' जिंकली. 1957 मध्ये पुन्हा जिंकली.

पुढे काळ बदलला. 1965 साली सॅमी मिलरने हलक्या, टू-स्ट्रोक बुल्टॅकोवर तीच स्पर्धा मारली आणि जड फोर-स्ट्रोक गाड्या ट्रायलमधून मागे पडत गेल्या. 1970 च्या सुमारास इंग्लंडमधलं रॉयल एन्फिल्डचं उत्पादन थांबलं. पण भारतीय लष्कराला 1950 च्या दशकातच बुलेट पसंत पडली होती, 1955 मध्ये मद्रास मोटर्सबरोबर 'एन्फिल्ड इंडिया' उभी राहिली होती आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट बनत होती. बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या धाटणीचा तो चार गिअरचा बॉक्स त्यानंतर कित्येक दशकं इथेच बनत राहिला. त्यातलाच एक माझ्या पार्किंगमध्ये भंगाराची वाट पाहत होता.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी सांगितलेल्या क्रमाने गेलो.

बुलेटची किक गिअरबॉक्समधून क्लचला आणि क्लचमधून इंजिनला फिरवते. त्यामुळे किक मोकळी गेली तर संशयित दोन: किकचं दातेरी रॅचेट, नाहीतर घसरणारा क्लच. दोघांना वेगळं करायला पाना लागत नाही. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची, क्लच सोडायचा आणि ढकलायची. आता किकचा संबंधच नाही. इंजिन फिरलं तर दोष किकचा. माझी गाडी आरामात पुढे गेली. सायलेन्सरमधून फुसफुससुद्धा नाही. म्हणजे क्लच.

क्लच म्हटलं की लोक प्लेटा बदलायला धावतात. त्याआधी केबल बघायची. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवी. माझ्या लिव्हरला शून्य. ताणलेली केबल पोकळ शाफ्टमधल्या रॉडला सतत आत ढकलत होती, रॉड प्रेशर प्लेटला, आणि स्प्रिंगांना प्लेटा घट्ट दाबताच येत नव्हत्या. ॲडजस्टर चार आटे सैल केला. पुढच्या किकला तो ओळखीचा विरोध पायाला लागला. मी पार्किंगमध्ये एकटाच हसलो.

पण मूळ दुखणं बाकी होतं. इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला, खाड! न्यूट्रल पुन्हा पडेना. इंजिन बंद असताना पडतो आणि चालू असताना पडत नाही, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा ठीक आहे. क्लच पूर्ण सुटत नाही. पहिल्या मेकॅनिकने केबल ताणून हे लपवलं, दुसऱ्याने त्या ताणाचा दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला.

आता मात्र खोलणं भाग होतं. बुलेटचं डावीकडचं क्लच कव्हर एका नटावर असतं. फूटरेस्ट काढला, खाली तेलासाठी परात ठेवली, नट सोडला. कुणाला तरी लिव्हर दाबायला लावून प्रेशर प्लेट बघितली, ती सरळ उचलली जात होती. म्हणजे स्प्रिंगा सारख्या दाबलेल्या होत्या. प्लेटा बाहेर काढल्यावर उत्तर सापडलं. प्लेटांचे कान ड्रमच्या ज्या खाचांमध्ये सरकतात, त्या खाचांच्या कडांना वर्षानुवर्षांच्या माराने छोटे खड्डे पडले होते. कान त्यांत अडकत, प्लेटा सुट्या होत नसत. बारीक कानस घेऊन तासभर कडा घासल्या, कीस पुसला. फार घासायचं नाही, नाहीतर प्लेटा सैल होऊन पुन्हा आपटतात.

संध्याकाळी गाडी घेऊन बाहेर पडलो. सिग्नलला तिसऱ्यातच थांबलो आणि टाचेने न्यूट्रल फाइंडर दाबला. या बॉक्सला असलेला हा छोटा लिव्हर दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यातून थेट न्यूट्रलला आणतो. आला. क्लच सोडला, गाडी जागच्या जागी धडधडत राहिली.

घरी येऊन फोन केला. "आप्पा, चालली. पण पहिल्या तिन्ही गिअरना बारीक गुणगुण येते."

"चौथ्यात येते?"

"नाही."

चौथ्यात ताकद सरळ जाते, खालच्या शाफ्टवर भार येत नाही. आवाज तिथला आहे. कधीतरी त्याची बेअरिंग बदलावी लागतील, बॉक्स नाही.

"ग्रीस-ऑइल बघ आणि चालव," आप्पा म्हणाले. "दिवाळीला ये घेऊन. मला ऐकायचाय तो आवाज."