पूर्वसूरींची साक्ष

महाविद्यालयात संशोधनपर निबंध लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्याला पहिली अडचण येते ती पूर्वलेखनाच्या आढाव्याची. आपल्या विषयावर आजवर कोणी काय लिहिले, हे त्यात सांगावयाचे असते. अमुक असे म्हणतात, तमुक तसे म्हणतात, याप्रमाणे दहाबारा ग्रंथकार रांगेने उभे केले, की प्रकरण संपले असे त्याला वाटते. असे कित्येक निबंध मी तपासले आहेत. आणि, खरे सांगावयाचे तर, तरुणपणी एक लिहिलाही आहे.

या कामाचा खरा नमुना आपल्याकडे एका विद्यार्थ्यानेच घालून दिला. कॅप्टन जेम्स ग्रांट डफ हा 1818 पासून 1822 पर्यंत साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता. त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास 1826 साली लंडनमध्ये तीन खंडांत निघाला आणि थोड्याच वर्षांत कॅप्टन केपन याने तो मराठीत आणविला. पेशवाई डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात असताच त्यांची नातवंडे आपल्याच घराचा इतिहास डफच्या अनुवादातून शिकू लागली. राज्यकर्त्यांच्या ग्रंथाला हात कोण लावणार?

तो लावला नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी. डेक्कन कॉलेजात शिकत असता, 1867 साली, त्यांनी पुण्यातील तरुणांच्या सभेपुढे डफच्या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला. डफ चुकला एवढेच म्हणून असल्या निबंधाला मोल येत नाही. याने कोणते कागद पाहिले, कोणते पाहिले नाहीत, आणि पाहिलेल्यांवर विश्वास का ठेवला, हे विचारावे लागते. या प्रश्नांची गरज डफच्या तळटीपांवरूनच पटते. मिळविलेल्या हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे तो ठिकठिकाणी सांगतो. पुढे शोधणाऱ्यांच्या हाती त्या लागल्या नाहीत. आधार छापलेला आहे, पण पडताळून पाहावयाची सोय नाही!

असे का पडताळावे लागते, हे शिवछत्रपतींच्या जन्मतिथीवरून उत्तम दिसते. डफने जन्म 1627 च्या मे महिन्यात दिला. पुढे पुस्तकामागून पुस्तके निघाली आणि बहुतेकांनी 1627 हेच साल घेतले. वाचणाऱ्यास वाटावे, केवढे हे एकमत! परंतु हेच साल मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत आहे, ती बखर डफच्या आधारांपैकी एक, आणि ती लिहिली गेली महाराजांच्या निधनानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने. एकाच परंपरेचे पाणी अनेक घागरींतून आले, तरी विहीर एकच.

लोकमान्य टिळकांनी 1900 साली ‘केसरी’त या तिथीचा ऊहापोह केला, तेव्हा निकाल लागला नाही. पुढे कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली त्यांच्या हाती आली आणि 1916 साली ती प्रसिद्ध झाली. तीत जन्म शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 असा होता. हा एक कागद सर्वांस पुरेसा वाटला नाही, आणि ते योग्यच होते. मग सदाशिव महादेव दिवेकर यांनी तंजावरच्या पोथ्यांतून कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ उजेडात आणले, ते 1927 साली छापले गेले. त्यातही शके 1551 च होते. तिकडे राजपुतान्यात, जोधपूरच्या एका संग्रहात, महाराजांची कुंडली निघाली. तीही याच तिथीशी जुळली.

मावळातील देशमुखाचे दप्तर, महाराजांच्या समकालीन कवीचे संस्कृत काव्य आणि मारवाडातील ज्योतिषाचे टिपण. यांपैकी कोणी दुसऱ्याचे पाहून लिहिले असे म्हणावयास जागा नाही. वाद त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालला. मात्र 1627 चा आग्रह धरणाऱ्यांना आता पुस्तकांची संख्या सांगून भागेना. एकमेकांना न ओळखणारे हे तीन साक्षीदार एकच तिथी कशी सांगतात, याचे उत्तर त्यांना द्यावे लागे.