चारचा अठ्ठेचाळीस : आमच्या रस्त्याची कथा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत महामार्गांच्या क्रमांकांवर लेख पाहून वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु आम्ही बदलीवर या शहरी आलो त्या काळी घराची वाट आम्हांस एका आकड्यावरून ओळखता येई. पूनमल्ली हायरोडने शहराबाहेर पडून श्रीपेरुंबुदूर मागे टाकले, की पिवळ्या माथ्याच्या दगडांवर चारचा आकडा दिसू लागे. पुढे दगडांवरील गावांची नावे तमिळ, तेलुगु, कन्नड आणि देवनागरी अशी लिपी पालटीत जात. आकडा तेवढा थेट ठाण्यापर्यंत तोच राही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीस कोल्हापूरला निघालो असता आमच्या मुलाने जुना नकाशा उघडला आणि विचारले, "बाबा, नकाशात चार आहे, मग पाटीवर अठ्ठेचाळीस कसे?" त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. ते आज येथे देत आहोत.

रस्त्यांचा विचार अखिल देशाच्या दृष्टीने प्रथम झाला तो १९२७ साली नेमलेल्या समितीत. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. तोवर रस्ते हा प्रांतांचा आणि स्थानिक संस्थांचा विषय होता. मोटारी वाढू लागल्या तसा हा भार त्यांना पेलेनासा झाला. जयकर समितीने तो राष्ट्रीय प्रश्न मानावा असे सुचविले व पेट्रोलवरील जादा करातून निधी उभारण्याची शिफारस केली. त्यानुसार १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली.

दुसरे पाऊल नागपुरास पडले. डिसेंबर १९४३ मध्ये सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते तेथे जमले आणि रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी प्रतवारी त्यांनी ठरविली. आजही राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा आणि राज्य महामार्गाचा हिरवा असतो. त्यामागे ही नागपूर योजनेची प्रतवारी आहे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या परिशिष्टात या मार्गांची क्रमवार यादी आली. ठाण्याजवळ तिसऱ्या क्रमांकाच्या मार्गास फुटून पुणे, बेळगाव, हुबळी, बंगलोर, राणीपेट या गावांवरून मद्रासला पोहोचणारा मार्ग तो चौथा. पुढे त्याची लांबी १,२३५ किलोमीटर मोजली गेली.

मात्र या क्रमांकांना भूगोलाचा आधार थोडा होता. जो रस्ता यादीत नंतर आला त्यास पुढचा आकडा मिळाला आणि फाट्यांना अक्षरे जोडण्यात आली. बेळगावहून पणजीस जाणारा मार्ग ४-अ झाला. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यास २०४ मिळाला, तर अनंतपूरहून चेन्नईस येणाऱ्यास २०५. आकडे शेजारी, रस्ते मात्र शेकडो मैल दूर! सरकारी यादी म्हणून हे चालले. प्रवाशाला त्यातून दिशेचा बोध होत नव्हता.

२०१० साली केंद्र सरकारने सर्व क्रमांक नव्याने दिले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मार्गांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम आकडे, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. म्हणून कोलकात्याहून चेन्नईस येणारा पूर्व किनाऱ्याचा मार्ग १६, श्रीनगर-कन्याकुमारी ४४ आणि पनवेलहून कोकण-गोव्यातून कन्याकुमारीस जाणारा ६६. तीन अंकी आकड्यातील शेवटचे दोन अंक मुख्य मार्ग सांगतात. जुना ४-अ आता ७४८ आहे, म्हणजे ४८ चा फाटा. जुन्या २०४ वरील रत्नागिरी-कोल्हापूरचा प्रवास आता १६६ वरून होतो, आणि चेन्नई-रेणीगुंटा मार्ग झाला आहे ७१६. एक पश्चिम किनाऱ्याचा फाटा, दुसरा पूर्व किनाऱ्याचा, हे आता आकडाच सांगतो.

आमचा रस्ता दिल्लीहून निघणाऱ्या ४८ मध्ये सामावला. जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर असा तो येतो आणि होसूर, कृष्णगिरी, वेल्लूर या वाटेने चेन्नईस संपतो. कोलार-चित्तूरची जुनी वाट मात्र त्यातून वगळली गेली. दगडांवरील तेलुगु अक्षरेही तिच्याबरोबर गेली. आणि चारचा आकडा? सम आकडे पूर्वेकडून मोजावयाचे म्हटल्यावर तो समुद्रापार अंदमानातील महामार्गास मिळाला. ज्यांनी हयातभर ‘चार नंबर’ म्हटले त्यांस हे ऐकून चुटपुट लागते, हे आम्ही जाणतो.

परंतु या वाटेचे महत्त्व आकड्याहून जुने आहे. १६८९ च्या सप्टेंबरात छत्रपती राजाराम महाराजांनी वेष पालटून पन्हाळा सोडला. मोगली फौजा मागावर असता बेदनूरच्या राणी चेन्नम्मांच्या आश्रयाने, बंगळूर व वेल्लूर मार्गे ते नोव्हेंबरात जिंजीस पोहोचले. त्यानंतर सुमारे आठ वर्षे मराठी राज्याचा कारभार याच तमिळ भूमीतून चालला. कोल्हापूर, बंगळूर, वेल्लूर ही आजची ४८ ची वाट त्या प्रवासाशी बरीचशी जुळते. जिंजीवरून जाणाऱ्या रस्त्याचा जुना क्रमांक ६६ होता. तो आता ७७ झाला असून ६६ कोकणास गेला आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले समाविष्ट झाले. त्यांत पन्हाळा आहे आणि जिंजीही आहे. त्या प्रवासाची सुरुवात आणि शेवट असे एका यादीत आले.

तेव्हा आमच्या मुलास आम्ही असे सांगू : बाळ, सरकारने आकडा बदलला तो सकारण बदलला, आणि त्यात आपले काही गेले नाही. मात्र आपले लोक या वाटेने कोण, केव्हा, कशासाठी आले, हे कोणत्याही अधिनियमाच्या परिशिष्टात नाही. ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि ती पिढी आता थकत चालली आहे. नवी पिढी तर विमानाने दोन तासांत मुंबईस उतरते. तिला दगडही दिसत नाहीत.

म्हणून मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील पहिली व्यक्ती कोणत्या साली, कोणत्या गावाहून, रस्त्याने की आगगाडीने, कोणत्या कामासाठी येथे आली, एवढे एका कागदावर लिहून मंडळाच्या दप्तरी द्यावे. आमचा कागद आम्ही या लेखासोबतच संपादकांच्या हाती ठेवला आहे.