ट्रोलिंगचे आमिष: मेलेला मासा पाण्यात पोहता कसा करतात?

चालत्या बोटीमागे दोरीला आमिष बांधून ते पाण्यातून ओढत नेणे आणि मोठ्या शिकारी माशाने त्यावर झडप घालण्याची वाट पाहणे, या मासेमारीला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. ट्रॉलर बोटी जाळे ओढतात ते ‘ट्रॉलिंग’ वेगळे. उच्चार जवळचे असल्यामुळे मराठीत दोन्हींची नेहमी गल्लत होते. खोल समुद्रातल्या ट्रोलिंगमध्ये प्लॅस्टिकची आमिषेही चालतात, पण खऱ्या माशाला वास असतो, चव असते आणि चावल्यावर तो मऊ लागतो. म्हणून शिकारी मासा तो लगेच थुंकून टाकत नाही. अडचण एकच, हा मासा मेलेला असतो. तो जिवंत माशासारखा पोहला पाहिजे, आणि हे सर्वस्वी तो गळावर कसा बांधला आहे यावर ठरते.

अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर यासाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो बॅलीहू. हा वीत-दीड वीत लांबीचा, चंदेरी, सडपातळ मासा. त्याचा खालचा जबडा चोचीसारखा लांब असतो आणि वरचा आखूड. शास्त्रीय नाव हेमिरॅम्फस ब्राझिलिएन्सिस. याच वंशातली हेमिरॅम्फस फार ही जात भारताच्या किनाऱ्यावरही आढळते. फ्लोरिडा कीज बेटांच्या परिसरात फक्त आमिषासाठी बॅलीहू पकडण्याचा स्वतंत्र व्यवसाय आहे. सेलफिश, मार्लिन, माहीमाही आणि सुरमईच्या कुळातला वाहू हे सगळे त्याच्यावर तुटून पडतात.

बांधण्याआधी

बहुतेक बॅलीहू गोठवलेले मिळतात. ते गरम किंवा गोड्या पाण्यात वितळवले तर मांस पिचपिचीत होते आणि पोट फाटते. म्हणून समुद्राचे पाणी, बर्फ आणि भरपूर जाडे मीठ यांच्या थंडगार मिश्रणात ते ठेवतात. काही जण त्यात खाण्याचा सोडाही घालतात. त्याने रंग आणि चमक टिकते असे त्यांचे म्हणणे. मीठ मांसातले पाणी ओढून घेते आणि मासा घट्ट होतो. सुका बांगडा खारवण्यामागचेच हे तत्त्व, फक्त इथे मासा लवचीक राहायला हवा, त्यामुळे मिठात किती वेळ ठेवायचा याचा अंदाज लागतो.

मग माशाचे पोट डोक्याकडून शेपटीकडे हलकेच दाबून आतली घाण काढतात. ती राहिली तर पोट लवकर कुजून फुटते. त्यानंतर मासा दोन्ही हातांत धरून मागे-पुढे वाकवतात, म्हणजे कण्याचे सांधे सैल होतात आणि शेपटी पाण्यात हलू लागते. नवशिके हीच पायरी टाळतात आणि त्यांचे आमिष काठीसारखे ताठ ओढले जाते.

गळ आणि तार

पारंपरिक पद्धतीत इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराचा गळ जाड नायलॉनच्या किंवा तारेच्या लीडरला जोडतात. जोडावर बोटाच्या पेराएवढी ताठ तार, म्हणजे ‘पिन’, उभी सोडतात. कल्ल्याचे झाकण उचलून गळाचे टोक पोटाच्या पोकळीत सरकवतात आणि पोटाच्या बरोबर मध्यरेषेवर बाहेर काढतात. गळाचे नेढे तोंडाखाली आले की पिन दोन्ही जबड्यांतून खालून वर घालतात आणि तिच्याभोवती पातळ तांब्याची तार गुंडाळून तोंड बंद करतात. लांब चोच मोडून थोडाच खुंट ठेवतात, आणि तारेचे शेवटचे वेढे त्याच्यावर घेतात.

खरी परीक्षा यानंतर होते. गळ पोटातून एखादे सूतभर पुढे किंवा बाजूला निघाला, तर मासा किंचित वाकडा होतो आणि ओढताना गरगर फिरू लागतो. गरगरणाऱ्या आमिषाला मोठा मासा सहसा तोंड लावत नाही, शिवाय दोरीला पीळ पडतो तो वेगळाच. म्हणून प्रत्येक आमिष आधी बोटीच्या कडेला पाण्यात ओढून पाहतात. वाकडे चालत असेल तर गळ जिथून बाहेर येतो ते छिद्र पात्याने थोडे लांबवतात, म्हणजे ताण पोटावर न येता डोक्यावरच राहतो. सगळे ओढणे तोंडातून झाले पाहिजे, पोटातून नाही.

हनुवटीखाली शिशाचा छोटा गोळा बांधला की आमिष पाण्याखाली पोहते. गोळा नसेल तर ते लाटांवर उड्या मारत जाते. नैसर्गिक आमिषासाठी बोटीचा वेग साधारण 4 ते 7 नॉट, म्हणजे ताशी 7 ते 13 किलोमीटर ठेवतात. त्याहून जास्त वेगात मांस फाटते. डोक्यावर रंगीत झालरीची टोपी चढवली तर थोडा जास्त वेग सोसतो.

गोल गळाचा प्रश्न

‘जे’ गळाची एक वाईट बाजू आहे. सेलफिश आधी चोचीने आमिषाला फटका देतो आणि मग गिळतो. त्याला गिळायला वेळ मिळावा म्हणून दोरी काही क्षण सैल सोडतात, पण तेवढ्यात गळ घशात किंवा जठरात जाऊ शकतो. असा मासा परत सोडला तरी जगण्याची शक्यता कमी. गोल गळाचे टोक आत वळलेले असते. दोरी हळूहळू ताणली की तो घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. अमेरिकेत अटलांटिकमधल्या बिलफिश स्पर्धांत नैसर्गिक आमिषासोबत असाच गळ वापरणे 2008 पासून बंधनकारक आहे.

यामुळे बांधणीच बदलली. गोल गळ माशाच्या शरीरात लपवला तर त्याचे टोक मोकळे राहत नाही आणि तो काम करत नाही. म्हणून डोक्यावर तारेने किंवा दोऱ्याने छोटी कडी पक्की करतात आणि गळ तिच्यात अडकवतात. तो संपूर्ण उघडा, आमिषाच्या पुढे राहतो. जुन्या सवयीने झटका मारणाऱ्याच्या हातून मात्र मासा हमखास निसटतो.

बॅलीहूखेरीज बोय मासाही वापरतात. नळीसारख्या अवजाराने त्याचा कणा उपसून काढतात, मग तो वळवळत पोहतो. मोठ्या मार्लिनसाठी बांगड्याच्या कुळातले मासे, कधी माकूल, कधी एखाद्या माशाच्या पोटाची निमुळती कापलेली पट्टीही चालते. कोणतेही असो, सारगॅसमचे तरंगते शेवाळ एका काडीएवढे अडकले तरी आमिष निकामी होते, त्यामुळे ते अधूनमधून वर घेऊन पाहावे लागते. पोट फाटले किंवा रंग उडाला की ते बदलतात. म्हणूनच बोट बंदरातून निघण्यापूर्वीच डझनावारी आमिषे बांधून बर्फावर रचून ठेवलेली असतात.