डेल्को

जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये "डेल्को खोल रे" असं हमखास ऐकू येतं. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा डबा. हे मुळात एका कंपनीचं नाव. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली, तिची ही आद्याक्षरं. त्यांची बॅटरीवरची इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये बसली आणि पुढची कित्येक दशकं बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच तत्त्वावर धावल्या.

तत्त्व सोपं आहे. पॉइंट मिटले की बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. ती ठिणगी पॉइंटवरच उडून वाया जाऊ नये म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा हे सेकंदाला १०० वेळा घडतं. त्यात जरा खंड पडला की गाडी 'मिसिंग' करते.

आमच्या काकांच्या प्रीमियर पद्मिनीत हेच सगळं. (नातेवाइकांना ती गाडी माहीत आहेच, निम्म्यांना ती घाटात लागलेलीही आहे.) गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली, १९८६ ची. पण तिचं १०८९ सीसीचं इंजिन ज्या घराण्यातलं, ते फियाटने १९३७ मध्ये सुरू केलेलं. म्हणजे काकांपेक्षाही जुनं!

तर गेल्या उन्हाळ्यात ही गाडी खंबाटकी घाटात मिसिंग करायला लागली. गार असताना ठणठणीत, तापली की फट्फट्. दोन ठिकाणी कार्ब्युरेटर साफ करून पैसे घेतले गेले. तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर गुन्हेगार. इथे मात्र चारही वेळा आवाज सारखाच पडला. म्हणजे दोष चौघांच्या सामाईक वस्तूत. डेल्को खोलला तर पॉइंट जळून निळसर झालेले.

"कंडेन्सर," मिस्त्री म्हणाले.

"अहो, तो सहा महिन्यांपूर्वीच नवा घातलाय," काका.

"नवा म्हणजे चांगला, असं कुणी सांगितलं?"

त्यांनी डब्यातून एक जुना, वापरलेला कंडेन्सर शोधून बसवला, पॉइंट घासून गॅप लावला आणि आम्ही पुन्हा घाट चढलो. एकही ठोका चुकला नाही.

आता माझा चुलतभाऊ इलेक्ट्रॉनिक किटच्या मागे लागला. पॉइंट नकोत, कंडेन्सर नको, झीज नाही. त्याचं म्हणणं बरोबरच आहे, आणि अस्सल सुटे भाग मिळेनासे झाल्यावर तर जास्तच. पण किट घाटात बंद पडलं तर ते उघडून बघण्यासारखं आत काही नसतं. मिस्त्रींचा मुलगाही आता स्कॅनर लावूनच दोष शोधतो.

काकांनी महिनाभर घोळ घातला आणि शेवटी किट बसवलं. जुने पॉइंट आणि मिस्त्रींचा तो कंडेन्सर मात्र काकूच्या एका स्टीलच्या डब्यात, स्क्रू-ड्रायव्हरसकट, डिकीत आहेत. काकू डबा परत मागते आहे.