शिकाऊ नर्सच्या डायऱ्या

दवाखान्यात थर्मामीटर घेऊन येणाऱ्या कोवळ्या मुलीला आपण सरसकट 'सिस्टर' म्हणतो. पुष्कळदा ती अजून शिकत असते. तिला नीट शिकायला मिळतं का, हे तिलाच विचारावं असं पूर्वी कुणाला वाटलं होतं का? आज आम्ही त्याबद्दल सांगणार आहोत.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे जमलेल्या निधीतून नर्सिंगची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. राहणं, जेवण, गणवेश मोफत आणि वर्षाचे १० पौंड हातात. वर्षभर वॉर्डात राबत शिकायचं आणि केलेल्या कामाची डायरी लिहायची. कागदावर सगळं छान होतं. पण वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरलाच कामातून डोकं वर काढायला सवड नसे, ती शिकवणार कधी? झाडलोट, अंथरुणं, जेवणाची ताटं यांतच शिकाऊ मुलींचा दिवस सरायचा.

नाइटिंगेलबाई स्वतः आजारी, बहुतेक वेळ घरातच. कारभार इतरांच्या हाती होता. १८७२च्या सुमाराला त्यांनी बारकाईनं लक्ष घातलं, तेव्हा शाळेत शिकवण्याकडे दुर्लक्ष झाल्याचं त्यांना दिसलं. मग त्यांनी डायऱ्या वाचल्या, मुलींना घरी चहाला बोलावलं, एकेकीशी बोलून टिपणं ठेवली. कुरकुर करणारीला कामचुकार ठरवून गप्प बसवणं किती सोपं होतं! त्यांच्या हातातल्या दिव्याचं सगळ्यांना कौतुक. आम्हाला मात्र ही टिपणं जास्त मोलाची वाटतात. पुढे मुलींच्या अभ्यासाकडे बघायला खास 'होम सिस्टर' नेमली गेली.

तरी मूळचा तिढा सुटला नाही. ही मुलगी विद्यार्थिनी, की स्वस्तात मिळालेले दोन हात? ब्रिटनमध्ये सर रॉबर्ट वुड यांच्या समितीनं तिला पूर्णपणे विद्यार्थिनीच माना, रुग्णालयात माणसं कमी आहेत म्हणून तिला जुंपू नका, असं सांगितलं. पण तोवर १९४७ साल उजाडलं होतं.

आपल्याकडे १९४६च्या भोर समितीला अख्ख्या देशात जेमतेम ७,००० नर्स आढळल्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. एवढ्या टंचाईत शिकाऊ मुलीला 'आज तू नुसतं बघ, शिकून घे' असं म्हणणं कोणत्या मेट्रनला परवडलं असतं?